कुंपणाला चुना, जगाला चुना

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आज सातासमुद्रांपलीकडच्या एका गांवाची हकीकत सांगणार आहों. "आम्हांला काय त्याचें?" म्हणून पान उलटूं नका. वाचतां वाचतां आपल्याच वेशीवर उभे असल्यासारखें वाटलें, तर तो दोष आमचा नव्हे.

अमेरिकेंत मिसूरी प्रांतांत, मिसिसिपी नदीच्या कांठीं, हॅनिबल नांवाचें लहानसें शहर आहे. सॅम्युएल क्लेमेन्स नांवाचा मुलगा १८३९ सालीं आईबापांबरोबर तेथें आला व तेथेंच वाढला. पुढें 'मार्क ट्वेन' या टोपणनांवानें तो जगप्रसिद्ध लेखक झाला, आणि १८७६ सालच्या 'टॉम सॉयर' या कादंबरींत त्यानें हेंच हॅनिबल 'सेंट पीटर्सबर्ग' असें नांव पालटून उभें केलें.

त्या पुस्तकांतला कुंपणाचा प्रसंग सर्वांत गाजलेला. मावशी टॉमला शिक्षा म्हणून कुंपणाला चुना मारायला लावते. हा बेटा करतो काय, तर हें काम मोठ्या मानाचें असल्याचा आव आणतो. झालें! दुसरीं पोरें लाळ घोटीत येतात, कुंचला मागतात, वर पतंग, गोट्या, दोरी बांधलेला मेलेला उंदीर असा नजराणाहि देतात. टॉम सावलींत बसून सफरचंद खातो आणि कुंपणावर चुन्याचे तीन हात चढतात. दुसऱ्याला राबवायचें आणि राबल्याबद्दल त्याच्याकडूनच दक्षिणा घ्यायची! ही विद्या आमच्या वाचकांना नवी आहे काय? टॉम निदान पोर होता, आणि तो पोथी उघडून बसला नव्हता.

आज हॅनिबलांत हेंच कुंपण पूजेला लावलें आहे. लेखकाचें लहानपणचें घर १९१२ सालीं नगराला देणगी मिळालें, तें लोक पहावयास जातात. टॉम व त्याचा मित्र हक यांचा पुतळा १९२६ पासून टेकडीच्या पायथ्याशीं उभा आहे. आणि दर जुलैच्या आरंभीं, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, पोरांची कुंपणाला चुना मारण्याची शर्यत लागते. गांव यात्रेकरूंवर चार पैसे मिळवितें. मिळवो, आमची ना नाहीं. पण यात्रेकरूला कोणता देव दाखवितां आणि कोणता गाभाऱ्यांत कोंडून ठेवतां, हें विचारायचें नाहीं काय?

कोंडलेली गोष्ट ही कीं, हॅनिबल हें माणसें विकत घेणारें गांव होतें. क्लेमेन्सांच्या घरीं सँडी नांवाचा एक काळा गुलाम पोरगा भाड्यानें राबत असे. दूर मेरीलंडाकडून, आईपासून तोडून आणलेला. तो दिवसभर गाई, शीळ घाली, ओरडे. सॅम वैतागला व आईकडे गाऱ्हाणें घेऊन गेला. आईच्या डोळ्यांत पाणी आलें. तो गात असला म्हणजे त्याला आठवण होत नाहीं असें समजावें, तो गप्प बसला कीं माझ्या जिवाला घोर लागतो, त्याची आई त्याला पुन्हां कधीं दिसायची नाहीं, अशा अर्थाचें ती माउली बोलली. हें ट्वेननेंच आत्मचरित्रांत लिहून ठेवलें आहे. आणि टॉमच्या कुंपणाच्या प्रसंगांत आपण याच सँडीला घातलें, हेंहि तोच सांगतो. पुस्तकांत तो बादली घेऊन गात, उड्या मारीत येतो, एवढेंच. त्याची आई कोठें आहे, हें टॉम विचारीत नाहीं.

लेखकाच्या बापाचें ऐका. १८४१ सालीं नदीपलीकडच्या इलिनॉय प्रांतांतून तीन गोरे गृहस्थ गुलामांना पळून जाण्यास मदत करायला आले आणि धरले गेले. त्यांना बारा बारा वर्षें तुरुंगांत घालणाऱ्या पंचांत हा बाप बसला होता. १८४७ सालीं तर काळ्यांना लिहावाचावयास शिकविणें हाच मिसूरींत कायद्यानें गुन्हा ठरला. दुसऱ्याच सालीं पुण्यांत जोतीरावांनीं मुलींची शाळा काढली, तेव्हां इकडच्या धर्ममार्तंडांना कोण संताप आला! तिकडे कायदा, इकडे शास्त्र. पाटी हिसकावणारा हात एकाच जातीचा. आणि तिकडेहि धर्मोपदेशक होतेच. गुलामगिरी देवाला मान्य आहे असें गांवच्या व्यासपीठावरून शिकविलें जाई, हीहि ट्वेनचीच साक्ष.

कोणी रसिक पंडित म्हणतील, "अहो, गोष्ट ती गोष्ट, तींत हें काय उकरतां?" पंडितजी, उकरलें तें लेखकानेंच. १८९६ च्या जानेवारींत तो आपल्या मुंबईस आला होता. हॉटेलांत एका दांडग्या जर्मनानें देशी नोकराच्या थोबाडींत मारली. नोकर मुकाट राहिला. ट्वेनला तत्क्षणीं आपलें गांव आठवलें. आपला बाप घरच्या लुइस नांवाच्या गुलाम पोराला क्षुल्लक चुकीसाठीं असाच मारी, तें आठवलें. दहा वर्षांचा असतांना पाहिलेलें आणखी एक आठवलें: कामांत जरा वेंधळेपणा झाला म्हणून एकानें गुलामाच्या डोक्यांत लोखंडाच्या खनिजाचा गोळा हाणला, तो तासाभरांत मेला. गांवाला वाईट वाटलें, पण फारसें कोणी बोललें नाहीं. मुंबईच्या त्या मुक्या नोकरानें हॅनिबलचा चुना खरवडला, बंधूंनो!

हकचा मूळ पुरुष टॉम ब्लँकेनशिप. दारुड्या बापाचें, अन्नाला महाग घर. त्याच्या थोरल्या भावाला, बेन्सनला, १८४७ सालीं नदीच्या बेटावर एक पळालेला गुलाम सांपडला. धरून देणाराला पन्नास डॉलर इनाम होतें. बेन्सननें इनामाकडे पाहिलें नाहीं, उन्हाळाभर त्याला चोरून भाकर पोंचविली. पुढें लांकूडतोड्यांना सुगावा लागला, पाठलाग झाला व तो बिचारा बुडून मेला. न्याय देणारा बाप पंचांत बसून शिक्षा देतो आणि उपाशी घरचा पोरगा भाकर देतो! याच आठवणींवर ट्वेननें १८८४ सालीं 'हकलबरी फिन' लिहून प्रसिद्ध केली, आणि तींत जिम नांवाच्या पळालेल्या गुलामाला पुस्तकांतला सर्वांत भला माणूस केलें. चुलत्याच्या... नव्हे, मावशीच्या यजमानांच्या मळ्यावरच्या डॅनियल नांवाच्या गुलामावरून तो घेतला होता.

मिसूरींतली गुलामगिरी १८६५ च्या जानेवारींत गेली. जिमच्या नांवाचें, काळ्या लोकांच्या इतिहासाचें छोटेखानी संग्रहालय हॅनिबलांत निघालें तें २०१३ सालीं, आणि तें काढायला तेथल्याच एका काळ्या बाईला पदर खोचून उभें रहावें लागलें. पुतळ्याला १९२६, जिमला २०१३! जोतीरावांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतल्या ज्या भल्या लोकांना अर्पण केलें, त्यांत ते तीन बंदिवान बसतात, भाकर देणारा बेन्सन बसतो. त्यांना शिक्षा देणारें पंचमंडळ बसत नाहीं.

म्हणून त्या गांवच्या कारभाऱ्यांना आमचें एवढेंच सांगणें: शर्यत बंद करूं नका. पोरांच्या हातीं कुंचले देण्यापूर्वीं त्यांना सँडीची गोष्ट सांगा. दोन घटका लागतील. बादलींतला चुना तोंवर सुकत नाहीं.