नाव गुप्त ठेवून भागणार नाही



विद्यापीठातल्या गैरव्यवहाराची माहिती द्या, तुमचे नाव गुप्त ठेवू, हे आश्वासन परिपत्रकांतून हमखास मिळते. विद्यापीठाच्या कारभारात वर्षे काढलेल्यांना त्याची किंमत ठाऊक असते. फेरमूल्यांकनाच्या उत्तरपत्रिका दोन-तीन जणांच्याच हातांतून जातात. संशोधन प्रकल्पाची बिले एकाच लिपिकाच्या टेबलावर येतात. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याचे संशोधन स्वतःच्या नावावर छापले, तर ते सांगू शकणारा बहुधा तो विद्यार्थीच असतो. तक्रारीचा मजकूर वाचला की तक्रारदार कोण हे ओळखायला नावाची गरज उरत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, गुप्ततेच्या हमीवर थांबलेले धोरण निरुपयोगी आहे. नाव फुटणारच हे गृहीत धरून, फुटल्यानंतर त्या माणसाच्या नोकरीला धक्का लागणार नाही अशी तरतूद हवी.

सूड सहसा निलंबनाने उगवला जात नाही. निलंबनाला लेखी आदेश लागतो आणि आदेशाला आव्हान देता येते. त्यापेक्षा गोपनीय अहवालात एक शेरा, पदोन्नतीच्या (कॅस) फाइलवर पुन्हा पुन्हा त्रुटी, मुख्यालयातून दूरच्या उपकेंद्रात बदली, जुन्या रजेबद्दल मेमो, हे मार्ग सोयीचे पडतात. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाच्या बाबतीत एवढेही करावे लागत नाही. पुढच्या सत्रात त्याला बोलवायचे नाही, की झाले. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 मध्ये न्यायाधिकरणाची सोय आहे, पण ती मुख्यतः बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती अशा आदेशांविरुद्ध. जी नेमणूक झालीच नाही, तिच्याविरुद्ध अपील कुठे करायचे?

गुप्ततेची विनंती पाळली जात नाही, याचे उदाहरण जुने आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणातले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी कामातील गैरप्रकार थेट पंतप्रधान कार्यालयाला कळवले आणि नाव उघड करू नये अशी विनंतीही केली. तरी त्यांचे पत्र नावानिशी कार्यालयाकार्यालयांत फिरले. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गया येथे त्यांची हत्या झाली. देशभर उसळलेल्या संतापानंतर 2004 मध्ये केंद्राने ठराव करून अशा तक्रारी घेण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिले. पण हा ठराव केंद्राच्या कर्मचाऱ्यांपुरता आणि यंत्रणांपुरता आहे. राज्य विद्यापीठातला लिपिक त्याच्या कक्षेत येत नाही. 2014 मध्ये जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला, राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली, पण तो लागू करणारी अधिसूचना आजतागायत निघालेली नाही. याच कायद्यात एक मोलाची तरतूद आहे: केलेली कारवाई सुडाची नव्हती, हे सिद्ध करण्याचा भार कार्यालयावर.

चौकशीचा अंतिम निर्णय संस्थेतल्याच लोकांकडे ठेवला की काय होते, हे स्वीडनच्या नामवंत कॅरोलिन्स्का संस्थेत दिसले. कृत्रिम श्वासनलिका बसवणाऱ्या पाओलो मॅकियारिनी या शल्यविशारदाविरुद्ध तिथल्याच चार डॉक्टरांनी 2014 मध्ये तक्रार केली. बाहेरच्या तज्ज्ञाने 2015 मध्ये त्याला दोषी ठरवले, तरी कुलगुरूंनी त्याला निर्दोष जाहीर केले. पुढच्या वर्षी कुलगुरूंना पद सोडावे लागले. 2018 मध्ये संस्थेने अखेर मॅकियारिनीला दोषी धरले, पण दोषींच्या त्याच यादीत तक्रारदारांपैकी एकाचेही नाव घातले.

खोट्या तक्रारींचा पाऊस पडेल, हा आक्षेप मी अव्हेरत नाही. विद्यापीठांतली गटबाजी कुणापासून लपलेली नाही. मात्र सिद्ध न झालेली तक्रार आणि जाणूनबुजून केलेली खोटी तक्रार यांत फरक करावा लागेल. 2014 च्या कायद्यात दुसऱ्या प्रकाराला दोन वर्षांपर्यंत कैद आणि 30 हजार रुपयांपर्यंत दंड आहे. विद्यापीठांनीही जाणूनबुजून केलेल्या खोडसाळपणाला शिक्षा ठेवावी. पुरावा तोकडा पडला म्हणून प्रामाणिक माणसाला शिक्षा नको.

दिल्लीतली अधिसूचना निघेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. परिनियम करून विद्यापीठांना पुढील तीन गोष्टी करता येतील. एक, तक्रार कुलगुरू वा कुलसचिवांकडे न जाता त्या विद्यापीठाशी संबंध नसलेल्या निवृत्त न्यायाधीशाकडे जावी. दोन, तक्रारीनंतर तीन वर्षे तक्रारदाराची बदली, प्रतिकूल शेरा किंवा नेमणूक न देणे यांसाठी त्या न्यायाधीशांची पूर्वपरवानगी लागावी आणि कारण विद्यापीठाने पटवून द्यावे. तीन, हे संरक्षण शिक्षकेतर, कंत्राटी, तासिका तत्त्वावरील कर्मचारी आणि संशोधक विद्यार्थी यांनाही मिळावे. कारण त्यांची जागा सर्वांत कच्ची आणि माहिती बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असते. अधिसभा सदस्यांनी येत्या बैठकीत असा ठराव मांडावा. जी व्यवस्थापन परिषद तो फेटाळेल, तिने त्याची कारणे इतिवृत्तात नोंदवावीत.

– एक सेवानिवृत्त उपकुलसचिव, कोल्हापूर