जीटी मारून बासरी वाजत नाही

ड्रॉइंग शीटची जीटी कशी मारायची हे आपल्या होस्टेलमध्ये कोणाला शिकवावं लागत नाही. काचेखाली बल्ब, वर मित्राची शीट, तिच्यावर आपली. सबमिशन होतं, पण ओरलला त त प प होतं. मी बासरीसुद्धा अशीच शिकवत होतो, हे आज कबूल करतो.

गेल्या वर्षी गच्चीवर दोन ज्युनिअर्सना शिकवायला बसलो. "ओठ माझ्यासारखे ठेव, फुंकर अशीच मार." एकाचा आवाज लागला. दुसऱ्याचा महिनाभर नुसता वारा! "तुला जमणार नाही," असं मी बोलून गेलो. त्यानं बासरी कपाटात टाकली. पुढे एका रात्री, दौलताबाद रोडवरचे ट्रक थांबले की पडेगावात जी शांतता होते, तिच्यात गच्चीवरून षड्ज ऐकू आला. जाड, थोडा घोगरा, पण पक्का सुरात. तोच होता. बासरी जराशी फिरवून ओठाच्या डाव्या बाजूने फुंकत होता.

आपण तर इंजिनिअरिंगवाले! फुंकीचा झोत छिद्राच्या कडेवर आपटतो आणि नळीतली हवा कंप पावते. झोताचा कोन, जाडी, वेग बदलला की आवाज बदलतो. प्रत्येकाचे ओठ आणि दात वेगळे, मग सगळ्यांना एकच कोन कसा चालेल?

मोठ्यांचं बघा. पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी छोट्या बासरीवर समाधान न मानता सुमारे ३२ इंची बासरी मैफलीत आणली. अन्नपूर्णादेवी सुरबहार वाजवायच्या, शिकवायच्या मात्र गाऊन. त्यांच्याकडे शिकताना हरिप्रसाद चौरसियांनी नव्याने सुरुवात करायची म्हणून बासरी उजवीकडून डावीकडे घेतली. नित्यानंद हळदीपूरही त्यांचेच शिष्य. दोघांना ऐका, एक दुसऱ्याची झेरॉक्स नाही. स्वर गुरूचा, फुंकर ज्याची त्याची.

कोणी म्हणेल, नक्कल केल्याशिवाय शिकायचं कसं? खरंय. सूर, ताल, बोटांची शिस्त गुरूकडूनच घ्यावी लागते. पण कान घडवणं वेगळं आणि ओठांवर साचा ठोकणं वेगळं.

म्हणून यंदा मी पद्धत बदलली आहे. रोज पंधरा मिनिटं एकच लांब सूर, मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतःच ऐकायचा. कुठे फाटतोय ते आधी त्यानं सांगायचं, मग मी. सिनेमाची गाणी नंतर. वेळ जास्त लागतो, पण कोणी पळून गेलेलं नाही.

आणि सरांना, मॅडमना एक विनंती. गॅदरिंगमध्ये "अगदी ओरिजिनलसारखं वाजवलं" म्हणून बक्षीस देऊ नका. त्याच बक्षिसापायी आम्ही जीटी मारतो.

त्या ज्युनिअरला मी अजून सॉरी म्हटलेलं नाही. हा अंक त्याच्याही हातात पडेल, तेव्हा वाचेलच.