वरकस जमीन आणि दिवसाची वीज



आंबिवलीहून कल्याणपलीकडे गेले की ठाकुर्ली. तिथल्या रेल्वेच्या चोळा वीजघरात 1929 पासून कोळसा जाळून गाड्यांसाठी वीज तयार होई. ते कधीच बंद झाले. पण राज्याची बरीचशी वीज आजही कोळशावरच होते. कोळशाच्या एका युनिटामागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. त्याने हवा तापते, पाऊस बेभरवशाचा होतो आणि नुकसान शेतकऱ्याच्या पदरी येते.

यावर उपाय उन्हाचा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 साली निघाली. 2023 च्या दुसऱ्या टप्प्यात जमिनीचे भाडे वर्षाला हेक्टरी किमान सव्वा लाख रुपये आणि दरसाल तीन टक्के वाढ असे ठरले. जमीन वीज उपकेंद्राजवळ हवी. उन्हाला विकत घ्यावे लागत नाही, वाहून आणावे लागत नाही. शिवाय वीज दिवसा मिळाली, तर भाजीच्या मळ्याला पाणी द्यायला रात्री साप-विंचवाच्या वाटेने जाणे टळते.

तरीही घाई करू नका. भाताचे खाचर देऊ नका. पडीक वरकस असेल तरच विचार करा. करार दीर्घ मुदतीचा असतो. कल्याणलगतच्या जमिनीला मोल आहे. मुलांचे हात त्यात अडकतील. म्हणून सातबाऱ्यावरच्या सर्वांना, लग्न होऊन गेलेल्या बहिणींनाही, आधी विचारा. करार वाचून घ्या, मगच सही करा.