पिकअप घ्या, पण आधी मोजून



‘रोजच्या वापरालाही पिकअपच बरी’ हे पत्र वाचले. उत्साह पटला, सल्ला अर्धा वाटला. टोयोटा हायलक्सची लांबी ५,३२५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे साडेसतरा फूट. सोसायटीतल्या पार्किंगची जागा आधी टेपने मोजावी. मागे पाट्यांचे सस्पेन्शन वजनासाठी असते. हौदा रिकामा असला की खड्ड्यात गाडी उसळते आणि मागच्या सीटवरच्या वडीलधाऱ्यांची पाठ धरते. पावसाळ्यात उघड्या हौद्यावर ताडपत्री बांधावीच लागते.

आम्ही द्राक्षाचे क्रेट, खतांच्या गोण्या रोज नेतो. आम्हाला पिकअपच हवी. पण वर्षातून चारदाच सामान न्यायचे असेल, तर त्या दिवसापुरता टेम्पो भाड्याने घ्यावा. गाडी रोजचे काम पाहून निवडावी, ही कळकळीची विनंती.

– एक बागायतदार, निफाड