जपलेलीं घरें, उठलेलीं माणसें

अलीकडे आपल्या मासिकांतून व दिवाळी अंकांतून परदेशच्या प्रवासाचें जें लिखाण प्रसिद्ध होतें, त्यांत एक प्रकरण आतां ठराविक होऊन बसलें आहे. लंडनला मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेले लेखक चार-पांच दिवसांकरितां भाड्याची मोटार घेतात, मोठा रस्ता सोडून कॉट्सवोल्डच्या टेकड्यांतील आडवाटांना लागतात, दिवसाकाठीं सहा-सात खेडीं उरकतात, आणि परत येऊन लिहितात कीं, इंग्रजांनीं आपलीं जुनीं खेडीं तळहातावरील फोडाप्रमाणें जपलीं आहेत. मधाच्या रंगाचा दगड, दारावर चढलेले गुलाब, ओढ्यांतील बदकें आणि चहाबरोबर मिळणारा स्कोन हीं ह्या प्रकरणाचीं ठरलेलीं अंगें. पुढचें वाक्य वाचकास लेखकाच्या आधींच पाठ असतें : नाहीं तर आमचीं खेडीं पाहा! आणि मग पत्र्याचीं छपरें, सिमेंटचे खांब व चौकांतले पुढाऱ्यांचे फलक ह्यांची यादी सुरू होते.

ह्या लेखकांच्या सौंदर्यदृष्टीशीं आमचें भांडण नाहीं. त्या वाटांनीं आम्हीही गेलों आहों, आणि सायंकाळच्या तिरप्या उन्हांत तो चुनखडीचा दगड आंतून उजळल्यासारखा दिसतो हें आम्ही नाकारीत नाहीं. आमचें भांडण आहे तें 'खेडीं जपलीं' ह्या दोन शब्दांशीं. जपलीं गेलीं तीं घरें. खेडें हें घरांत राहणाऱ्या माणसांचें, त्यांच्या कामाचें आणि जमिनीवरील व एकमेकांवरील त्यांच्या हक्कांचें नांव आहे. तें खेडें ह्यांतील बहुतेक ठिकाणीं मोडलें, आणि तें मोडलें म्हणूनच घरें जशींच्या तशीं राहिलीं.

बायबरीचेंच पाहा. तेथील आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ म्हणजे ह्या सर्व छायाचित्रांची कुलस्वामिनी. पण हीं मुळांत घरें नव्हतींच. १३८० च्या सुमारास मठाची लोंकर साठविण्याची कोठी म्हणून ती इमारत उभी राहिली, आणि सतराव्या शतकांत तिचे खण पाडून तेथें विणकर बसविण्यांत आले. समोरच्या ओलसर कुरणाला आजही रॅक आयल म्हणतात. तें कां, हें आमच्या एकाही प्रवाशानें विचारलेलें आमच्या वाचनांत नाहीं. विणलेलें कापड गिरणींत कुटून आणल्यावर लांकडी चौकटींवर ताणून वाळत घालण्याची ती जागा होती. जेथें आज बदकें शोभतात तें एका धंद्याचें अंगण होतें. पुढें कोळसा व वाफ ह्यांच्या बळावर लोंकरी कापडाचा धंदा यॉर्कशायरकडे गेला, मागाला काम उरलें नाहीं, विणकर उठले. ज्याच्याजवळ पैसा खेळतो तो जुनें घर पाडून नवें बांधतो. ज्या गांवचा धंदा बुडाला त्या गांवांत पाडण्याचीही ऐपत राहत नाहीं. आमचे लेखक ज्याला जतन म्हणतात त्याचें आरंभींचें नांव दारिद्र्य असें आहे. विल्यम मॉरिसनें बायबरीला इंग्लंडांतील सर्वांत सुंदर खेडें म्हटलें, तें ह्या पडत्या काळानंतर. त्याचा हा अभिप्राय प्रत्येक मार्गदर्शिकेंत असतो. मॉरिस समाजवादी होता, व कारागिराच्या हातून त्याचें काम हिरावलें गेलें हें त्याच्या सबंध आयुष्याचें शल्य होतें, एवढें मात्र तेथें नसतें.

१९३० च्या सुमारास हेन्री फोर्डनें जवळच्या चेडवर्थ गांवांतील एक जुनें घर विकत घेतलें, त्याचा दगड न् दगड सुटा करून तो अमेरिकेंत मिशिगनला नेला, व आपल्या संग्रहालयाच्या आवारांत तें घर पुन्हां उभें केलें. ह्या गोष्टीला आपले लोक हंसतात. आम्हांस तर ह्या सर्व मंडळींत फोर्डच प्रामाणिक वाटतो. माणसें नकोत, घर पाहिजे, हें त्यानें लपविलें नाहीं.

बायबरीच्या नैर्ऋत्येस, विल्टशायरांतील कॅसल कूम हेंही विणकरांचेंच गांव. १९६२ सालीं त्याला इंग्लंडांतील सर्वांत देखण्या खेड्याचा मान मिळाला, आणि चारच वर्षांनीं, १९६६ मध्यें, 'डॉक्टर डूलिटल' ह्या चित्रपटाच्या मंडळींनीं त्याचें बंदर केलें. समुद्र तेथून कित्येक मैल दूर, म्हणून ओढ्याला बांध घालून पाणी तुंबविलें. पुढें ध्रुवप्रदेशांतील सफरींनीं गाजलेला रॅनल्फ फाइन्स त्या वेळीं तरुण लष्करी अधिकारी होता. त्यानें संतापून तो बांध सुरुंगानें उडविण्याचा बेत रचला, आणि त्यापायीं त्याला आपल्या खास पथकांतून काढून टाकण्यांत आलें. बेत पोरकट होता खरा; परंतु सबंध गांव रंगमंचाच्या पडद्यासारखें भाड्यानें दिलें जात असतां चीड येणारा एक तरी इसम निघाला ह्याचें आम्हांस समाधान वाटतें.

ह्या टेकड्यांवरचे वाडे व बागा राखण्यास पैसा कोठून आला, हा प्रश्न तर मराठी लेखकानें सर्वांच्या आधीं विचारावयास हवा. कॉट्सवोल्डच्या ईशान्य भागांत डेल्सफर्ड नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील वडिलोपार्जित वतन वॉरन हेस्टिंग्जनें १७८८ सालीं परत विकत घेतलें, तेथें नवा वाडा बांधला, आणि १८१८ सालीं वारल्यावर तेथल्याच चर्चजवळ तो पुरला गेला. पहिलें इंग्रज-मराठे युद्ध ज्याच्या कारकीर्दींत झालें व १७८२ सालीं सालबाईचा तह ज्याच्या अमदानींत ठरला, तोच हा हेस्टिंग्ज. त्याचा वाडा बांधणाऱ्या सॅम्युएल कॉकरेलनेंच थोड्या मैलांवर सेझिन्कोट येथें, कंपनीच्या चाकरींत बंगाल्यांत श्रीमंत झालेल्या आपल्या भावासाठीं, कांद्याच्या आकाराचा घुमट असलेला मोगली थाटाचा महाल उभारला. आमचे प्रवासी त्या घुमटाखालीं उभे राहून 'आपल्या संस्कृतीचा केवढा हा गौरव' असें लिहितात! हा गौरव कोणाच्या पैशानें झाला, हें लिहावयास त्यांना जागा पुरत नसावी.

डेल्सफर्डपासून फार दूर नाहीं असें अ‍ॅस्कॉट-अंडर-विचवुड हें गांव आहे. १८७३ सालीं तेथील शेतमजुरांनीं मजुरीवाढीसाठीं संप केला. त्यांच्या जागीं बाहेरून आणलेल्या मजुरांना अडवून परत जाण्यास सांगितल्याबद्दल गांवांतील सोळा बायकांना सक्तमजुरीची शिक्षा झाली, आणि कांहींजणी तान्ह्या पोरांसह ऑक्सफर्डच्या तुरुंगांत गेल्या. शिक्षा देणारे दोन्ही न्यायाधीश धर्मोपदेशक होते. गुलाबांनीं वेढलेल्या ज्या दारांचीं चित्रें आपण छापतों तशाच दारांतून ह्या बायका बाहेर काढल्या गेल्या. हें कोणी गुप्त ठेवलेलें नाहीं. गांवानें त्यांचें स्मारक केलें आहे. मोटार तेथें थांबत नाहीं, एवढेंच. कारण तें गांव पाहण्याच्या यादींत नाहीं.

त्या मजुरांची ती स्थिति कशानें झाली? एके काळीं इंग्लंडच्या खेड्यांतील गरिबाला गायरानावर गाय सोडण्याचा, जंगलांतून सरपण आणण्याचा, सामाईक शेतांत पट्टा कसण्याचा वहिवाटीचा हक्क होता. १६०४ ते १९१४ ह्या काळांत पार्लमेंटनें ५,२०० च्या वर स्वतंत्र कायदे करून सुमारें ६८ लक्ष एकर जमिनीवरील हे हक्क मोडले व तिला कुंपणें घातलीं. त्यापूर्वींही, मेंढ्या माणसांना खाऊं लागल्या आहेत असें टॉमस मोरनें १५१६ सालींच लिहून ठेवलें होतें. मध्ययुगांत नांदत असलेलीं व पुढें ओस पडलेलीं तीन हजारांहून अधिक खेडीं इंग्लंडांत मोजलीं गेलीं आहेत. कुरणांतील उंचवट्यांखेरीज त्यांची खूण उरलेली नाहीं. मोटारीच्या कांचेंतून जो हिरवागार, निर्मनुष्य, 'अनादि' देखावा दिसतो तो असा तयार झालेला आहे.

ह्याचा कळस पाहावयाचा असेल तर आणखी दक्षिणेस, डॉर्सेटमधील मिल्टन अ‍ॅबस येथें जावें. उताराच्या रस्त्याच्या दोन्ही अंगांस पांढऱ्या भिंतींचीं, गवती छपरांचीं, अगदीं एकसारखीं घरें, मध्यें हिरवळ. सांच्यांतून काढल्यासारखें हें गांव पाहून प्रवाशाच्या तोंडून उद्गार निघतो कीं, आमच्या पूर्वजांना अशी नगररचना सुचली असती तर! ह्या नगररचनेचें कारण असें कीं, लॉर्ड मिल्टन ह्या जमीनदाराला आपल्या वाड्याच्या खिडकींतून मिडलटन नांवाचें जुनें बाजारपेठेचें गांव दिसत होतें व तें त्याच्या नजरेस खुपत होतें. त्यानें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें सबंध गांव पाडलें, त्या जागीं बाग केली, आणि निवडक लोकांना नजरेआड, दरींत, हीं नवीं घरें बांधून दिलीं. बाहेरून एक दिसणाऱ्या प्रत्येक घरांत दोन-दोन बिऱ्हाडें कोंबलीं होतीं. एक वकील जागा सोडीना, तेव्हां तळ्याचे दरवाजे उघडून त्याच्या घरांत पाणी सोडलें, व त्यानें फिर्याद करून लॉर्डाला हरविलें, असें सांगतात. म्हणजे जी ओळ आमच्या लेखकांना ग्रामजीवनाचा आदर्श वाटते ती हुसकावलेल्या लोकांची वसाहत आहे.

हें सर्व जुनें झालें असें म्हणणाऱ्यासाठीं १९४३ साल आहे. सॉल्झबरीच्या पठारावरील इंबर ह्या गांवच्या लोकांना त्या वर्षीं १ नोव्हेंबरला शाळेंत जमवून सांगण्यांत आलें कीं, अमेरिकन सैन्याच्या कवाइतीसाठीं गांव हवें आहे. मुदत ४७ दिवसांची. बहुतेक जमीन सरकारनें आधींच विकत घेतलेली असल्यामुळें गांवकरी आपल्याच गांवांत कुळें होते. युद्ध संपलें, गांव परत मिळालें नाहीं. १९६१ सालीं दोन हजारांवर लोक तेथें मोर्चानें गेले. उपयोग झाला नाहीं. आज वर्षांतून कांहीं ठराविक दिवशीं गांव उघडतें, आणि २००९ पासून वर्षांतून एक दिवस लंडनच्या जुन्या लाल बसगाड्या हौशी लोकांना तेथें घेऊन जातात. डॉर्सेटच्या किनाऱ्यावरील टाइनमचीही कथा तीच. १९४३ च्या नाताळापूर्वीं तेथील व आसपासचीं २२५ माणसें निघालीं. जातांना त्यांनीं चर्चच्या दारावर एक चिठ्ठी लावली : घरें नीट सांभाळा, आम्ही एक दिवस परत येऊं. १९४८ सालीं लष्करानें जमीन कायमची घेतली. शाळेंत मुलांच्या नांवांच्या खुंट्या अजून आहेत, आणि प्रवासी त्यांचीं छायाचित्रें घेतात. इंग्लंडांतील सर्वांत 'जपलेलें' खेडें कोणतें असें कोणी आम्हांस विचारलें तर आम्ही टाइनमचें नांव सांगूं. तेथें १९४३ नंतर एकही घर कोणीं वाढविलें नाहीं, एकही पत्रा ठोकला नाहीं.

ह्यावर एक रास्त आक्षेप येईल. घरें पाडलीं असतीं तर माणसें परत आलीं असतीं काय? नाहीं. विणकर यॉर्कशायरला गेले, मजूर शहरांत व वसाहतींत गेले, तेही पुष्कळदां बऱ्या मजुरीसाठीं आपखुषीनें. दगड राहिला हा लाभच. लेकॉकचें उदाहरणही आमच्यापुढें टाकलें जाईल : १९४४ सालीं माटिल्डा टॅलबट ह्या बाईनीं मठाच्या वाड्यासह जवळजवळ सबंध गांव नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केलें, आणि तेथें आजही भाड्यानें राहणारीं कुटुंबें आहेत, मुलांची शाळा आहे. हें उदाहरण आम्हांस मान्य आहे, व त्यांतील मुद्दा आमच्याच बाजूचा आहे. जेथें घर बाजारांत आलें नाहीं तेथें थोडें खेडें उरलें. इतरत्र विणकरासाठीं बांधलेलें घर आज विणकाम-शेतकाम करणाऱ्याच्या कल्पनेच्याही बाहेर गेलें आहे. तें शहरांतून शनिवार-रविवारीं येणाऱ्यांचें, निवृत्तांचें किंवा पाहुण्यांना रात्रीच्या हिशेबानें देण्याचें झालें आहे.

आणि हा वाद निव्वळ इंग्लंडपुरता नाहीं, म्हणून तर आम्हीं लेखणी उचलली. 'जपलेल्या खेड्याचें' हें चित्र घेऊन आलेला वाचक कोंकणांत व गोव्यांत जुनीं घरें विकत घेतो, खेड्याला 'मूळ रूप' देण्याच्या योजना सुचवितो, आणि ज्या शेतकऱ्यानें गळक्या कौलांना कंटाळून पत्रा घातला त्याला अरसिक ठरवितो. तो पत्रा ही त्या घरांत अजून कोणी राहत असल्याची खूण आहे, हें त्याला सुचत नाहीं. पावसाळ्यांत पुण्याहून मोटारी काढून मुळशीच्या तलावाची शोभा पाहावयास हजारों लोक जातात. १९२१ सालीं ज्या गांवांसाठीं सत्याग्रह सुरू झाला व सेनापति बापट तुरुंगांत गेले, तीं त्याच पाण्याखालीं आहेत. ज्याला हें पाणी पाहून कांहीं आठवत नाहीं त्याला टाइनमच्या खुंट्या पाहून आठवेल अशी आमची अपेक्षाच नाहीं.

प्रवाशानें सुटींत इतिहास कां उकरावा, असें विचारलें जातें. उकरावयास फार लागत नाहीं. इंग्लंडच्या बहुतेक खेड्यांत चर्चजवळ किंवा हिरवळीवर पहिल्या महायुद्धांत पडलेल्यांच्या नांवांचा दगड असतो. तीं नांवें वाचावयास पांच मिनिटें पुरतात. त्यांतील एक तरी आडनांव गांवांत शिल्लक आहे काय, हें पोस्टांत विचारावयास आणखी दोन. पोस्ट शिल्लक असेल तर.