उठता येईल अशी बैठक

चार वर्षांपूर्वी आमच्या दिवाणखान्यात नवा सोफा आला. फिकट राखी रंगाचा, जमिनीलगतचा, ऐसपैस. नव्या गृहसंकुलांतील नमुना सदनिकेत हमखास दिसतो तसा. त्याला जागा करून देण्यासाठी सासऱ्यांच्या वेळच्या चार सागवानी खुर्च्या हलवाव्या लागल्या. तीन खुर्च्या नात्यातल्या एकांकडे गेल्या. चौथीचा वेत फाटलेला होता, म्हणून ती कुंड्या ठेवण्यासाठी गॅलरीत राहिली. येणारा-जाणारा प्रत्येक जण सोफ्याचे कौतुक करी आणि आम्हालाही आपल्या निवडीचा अभिमान वाटे.

पुढच्या दोन-तीन महिन्यांत सासूबाई, ज्यांना मी आईच म्हणते, संध्याकाळच्या दिवाणखान्यात येईनाशा झाल्या. चहा खोलीतच मागवू लागल्या. पाहुणे आले की दारातूनच विचारपूस करून परतू लागल्या. आम्ही आमच्या परीने अर्थ लावले. वय झाले, टीव्हीचा आवाज सोसत नसेल, एकान्त हवासा वाटत असेल. प्रत्येक अर्थ समजूतदारपणाचा होता आणि प्रत्येक चुकीचा होता.

एके दिवशी मी अवेळी घरी परतले, तेव्हा आई सोफ्याच्या कडेशी सरकून, एक हात टीपॉयवर टेकून उठण्याची खटपट करीत होत्या. टीपॉय पुढे घसरला आणि त्या पुन्हा मागे बसल्या. मी हात दिला. उभ्या राहिल्यावर पदर सावरीत त्या म्हणाल्या, “अगं, बसायचं काही नाही. उठायचंच भय वाटतं. चारचौघांत दोनदा-तीनदा झोके घेऊन उठायचं, त्यापेक्षा आत बरी. आणि मोरीकडे जायचं असलं नि वेळेवर उठता आलं नाही, तर?” वाक्य त्यांनी तिथेच सोडले. पाहुण्यांसमोर त्या चहाही का घेत नसत, ते मला त्या क्षणी उमगले.

वाचकहो, ज्याला आम्ही महिनोन्‌महिने वार्धक्य म्हणत होतो, त्यातला मोठा वाटा चार इंचांचा होता. जुन्या खुर्चीची बैठक अठरा इंच उंच होती. नव्या सोफ्याची, माणूस बसून गादी दबल्यावर, जेमतेम चौदा.

उठण्याचे शास्त्र

बसणे ही विश्रांती असली तरी उठणे हे श्रमाचे काम आहे. खुर्चीतून उठताना आपण नकळत तीन गोष्टी करतो. पावले मागे, गुडघ्यांच्या खाली ओढून घेतो. धड पुढे झुकवून शरीराचा भार पावलांवर आणतो. आणि मग मांड्यांच्या व नितंबांच्या स्नायूंच्या बळावर, हाताचा रेटा देत, वर येतो. बैठक जितकी खाली, तितका गुडघा व खुबा अधिक दुमडलेला आणि या स्नायूंवरचा ताण अधिक. तरुण देहाला हा फरक जाणवत नाही. साठी-सत्तरी ओलांडलेल्या, मांड्यांचे बळ उणावलेल्या किंवा गुडघे झिजलेल्या व्यक्तीला मात्र दोन इंचांचा उतारही पायरीसारखा वाटतो. खुब्याच्या सांध्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना शल्यविशारद काही काळ बुटक्या आसनावर न बसण्याची सूचना देतात, तिचे कारणही बैठकीच्या उंचीतच आहे.

अलीकडच्या सोफ्यांत उंचीखेरीज आणखी तीन अडचणी असतात. बैठक खोल असते, बहुधा चोवीस इंचांच्या आसपास. ठेंगण्या व्यक्तीची मांडी तेवढी लांब नसते. पाठ टेकायला गेले की पाय अधांतरी लोंबतात आणि पाय टेकावेत तर पाठ निराधार होते. गादी इतकी मऊ असते की रेटा द्यायला ठाम असे काही हाताखाली लागत नाही. आणि सोफ्याचा खालचा भाग जमिनीपर्यंत बंद असेल, तर पावले मागे घ्यायला जागाच उरत नाही. म्हणजे उठण्याच्या क्रियेतील पहिली पायरीच नाहीशी होते.

“आपली माणसे तर पाटावर बसत होती,” असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. परंतु जी व्यक्ती लहानपणापासून दिवसातून दहादा जमिनीवर बसते-उठते, तिचे स्नायू त्या सरावावर टिकून राहतात. सराव सुटलेल्या देहाला पाटाचा दाखला देऊन उपयोग नाही. शिवाय पाटावर बसलेला माणूस हात जमिनीवर टेकून, कुशीवर वळून उठू शकतो. मऊ सोफ्यात तीही सोय नाही.

आजारी देहाने घडवलेल्या वस्तू

सुंदर घर हवे असेल तर वृद्धांची व रुग्णांची सोय थोडी बाजूला ठेवावी लागते, असा एक समज आपल्या मनात घर करून आहे. आधुनिक गृहवस्तूंचा इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. ज्या वस्तू आज अभिजात म्हणून नावाजल्या जातात, त्यांतील कित्येकींचा जन्म एखाद्या दुखणाईत देहाच्या निकडीतून झाला आहे.

फिनलंडमधील पाइमिओ येथे क्षयरुग्णांसाठी उभारलेले आरोग्यधाम १९३३ मध्ये पूर्ण झाले. त्याचे वास्तुकार अल्वार आल्तो. क्षयावर तेव्हा प्रभावी औषध नव्हते. विश्रांती, मोकळी हवा आणि ऊन हाच उपचार. महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या रुग्णाच्या नजरेने आल्तोंनी खोलीचा विचार केला. निजलेल्याला छतच दिसते, म्हणून छताला डोळ्यांना निववणारा रंग दिला. शेजारच्या खाटेवरच्याची झोप मोडू नये, म्हणून हात धुण्याच्या भांड्यात पाणी तिरपे, आवाज न करता पडावे अशी रचना केली. तेथील खुर्चीसाठी त्यांनी त्या काळी लोकप्रिय असलेली पोलादी नळी नाकारून वाकवलेले लाकूड घेतले, कारण धातू अंगाला गार लागतो. पाठ अशा कोनात कलवली की रुग्णाला श्वास घेणे सुलभ व्हावे. ही ‘पाइमिओ खुर्ची’ आज जगभरच्या संग्रहालयांत आहे. ती बुटकी आणि मागे कललेली आहे. गुडघेदुखीने बेजार झालेल्या माणसाला तिच्यातून उठणे कठीणच जाईल. परंतु तिचे माप छातीच्या रोग्याचे होते. कोणतीही खुर्ची कोणाच्या तरी मापाची असते, हे तिच्याकडून शिकावे.

दुसरे उदाहरण स्वयंपाकघरातले. अमेरिकेतील सॅम फार्बर हे गृहोपयोगी वस्तूंचे व्यावसायिक. संधिवाताने ग्रासलेल्या आपल्या पत्नीला, बेट्सी यांना, साध्या पीलरने साल काढताना होणारा त्रास त्यांनी पाहिला. पातळ धातूची मूठ दुखऱ्या बोटांना घट्ट आवळून धरावी लागे. त्यातून १९९० मध्ये जाड, मऊ, न निसटणाऱ्या मुठीची ‘ऑक्सो गुड ग्रिप्स’ ही साधने बाजारात आली. संधिवाताच्या हातांसाठी घडवलेली ती मूठ निरोगी हातांनाही अधिक आवडली. दुबळ्या हाताची सोय पाहिली की बळकट हाताचीही आपोआप होते. उलट मात्र घडत नाही.

तिसरे उदाहरण बालकाचे. नॉर्वेतील पीटर ऑप्सविक यांचा लहानगा मुलगा बाळाच्या उंच खुर्चीत मावेना आणि मोठ्यांच्या खुर्चीत बसला तर पाय लोंबकळत. ऑप्सविकांनी बैठकीची आणि पाय टेकण्याची अशा दोन्ही फळ्या वरखाली करता येतील अशी लाकडी खुर्ची रचली. ही ‘ट्रिप ट्रॅप’ खुर्ची १९७२ पासून वापरात आहे. मूल जेवताना सतत चुळबुळ करते म्हणून आपण रागावतो, तेव्हा त्याच्या पायांखाली काही आहे का, हे क्वचितच पाहतो. पाय टेकलेले मूल स्थिर बसते; घरी एखादा पाट किंवा डबा पायांखाली देऊनही हे अनुभवता येईल.

आणि आपल्याकडचे उदाहरण म्हणजे तांब्या. चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकी अभिकल्पक दांपत्य भारत सरकारच्या निमंत्रणावरून येथे आले आणि १९५८ मध्ये त्यांनी एक अहवाल सादर केला. अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली, तिच्यामागे या अहवालाची प्रेरणा होती. त्यात त्यांनी सर्वाधिक गौरव केला तो लोट्याचा, म्हणजे आपल्या तांब्याचा. भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, तो डोक्यावर, कमरेवर, हातात कसा वाहिला जातो, वाहणाऱ्याच्या हातात बळ किती, घासताना आत हात जातो का, असे किती विचार त्या एका आकारात सामावले आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. तांब्याला एक कोणी कर्ता नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी त्याला घडवले. नवी वस्तू घेताना आपल्याला एवढा वेळ नसतो. म्हणून तेच प्रश्न आपण जाणीवपूर्वक विचारायला हवेत.

दुकानात जाण्यापूर्वी

प्रथम घरातल्या सर्वांत अशक्त व्यक्तीचे माप घ्यावे. तिला अनवाणी, मांड्या जमिनीला समांतर राहतील असे बसवून, गुडघ्यामागच्या लवणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. ठेंगण्या स्त्रीमध्ये ते बरेच कमी भरते, उंच पुरुषात अठराच्या आसपास जाते. बैठक किमान तेवढी असावी. गुडघेदुखी असेल तर एक-दोन इंच अधिक. ही उंची गादी दबल्यावरची धरावी.

पाठ पूर्ण टेकून बसल्यावर बैठकीची कड आणि लवण यांच्यामध्ये दोन-तीन बोटे सरकावीत, एवढीच खोली हवी. खुर्चीचे हात कोपराच्या पातळीला, ठाम आणि बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले असावेत. उठताना रेटा तिथूनच मिळतो. खाली पावले मागे घ्यायला मोकळी जागा असावी. हातांवर भार दिला असता खुर्ची कलंडू किंवा घसरू नये. फरशी गुळगुळीत असेल तर पायांना रबरी बूच लावून घ्यावे.

खरेदीला त्या व्यक्तीला सोबत न्यावे आणि तिने तीनदा बसून तीनदा उठावे. विक्रेता “बसून तर बघा” म्हणतो. आपण उठून पाहावे.

बुटका सोफा घरात आधीच आलेला असेल तर तो टाकून देण्याचे कारण नाही. सुताराकडून पायांच्या आकाराची खाच पाडलेले लाकडी ठोकळे करून घेतले तर तीन-चार इंच उंची वाढते. विटा किंवा सुटे लाकूड खाली सारू नये, ते निसटते. बैठकीत कठीण घनतेचा फोम भरून घ्यावा, पाठीशी घट्ट उशी द्यावी. आणि दिवाणखान्यात निदान एक उंच, हातांची खुर्ची असावीच. तीही कोपऱ्यात नव्हे, तर सर्वांच्या गप्पांच्या वर्तुळात.

एक इशारा द्यायला हवा. उठण्याची अडचण थोड्याच दिवसांत एकाएकी वाढली, एकाच बाजूचे बळ कमी वाटले किंवा उभे राहताच घेरी येऊ लागली, तर दोष आसनाचा न मानता तातडीने वैद्यकीय सल्ला घ्यावा.

आमच्याकडे गॅलरीतली ती चौथी खुर्ची कुंड्या उतरवून आत आणली. नवा वेत विणून घेतला, सांधे आवळून घेतले. राखी सोफ्याशेजारी ती विजोड दिसेल असे वाटले होते. आता तिच्यावाचून खोली ओकीबोकी वाटते. आई पुन्हा संध्याकाळी तिथे बसतात, नातवाच्या अभ्यासात चुका काढतात आणि पाहुण्यांबरोबर चहा घेतात.

मात्र सारे पूर्ववत झाले, असे म्हणता येणार नाही. त्या काही महिन्यांत खोलीतल्या पलंगावर बसून बसून त्यांच्या मांड्यांचे जे बळ गेले, ते व्यायामाने थोडे परतले, थोडे परतलेच नाही. काठी तेव्हा हाती आली, ती आजही आहे. दिवाणखान्यापासून दूर गेलेले माणूस चालणे-फिरणे, बोलणे आणि हसणे यांपासूनही दूर जाते, हे आम्हाला उशिरा कळले.

म्हणून, वाचकहो, आज संध्याकाळी एवढेच करा. आपल्या घरातील ज्येष्ठ व्यक्ती कोठे बसते यापेक्षा ती कशी उठते, हे दुरून, तिला न अवघडवता पाहा. आणि ती अलीकडे कुठल्या खोलीत येईनाशी झाली असेल, तर तिच्या वयाचा हिशेब करण्यापूर्वी त्या खोलीतल्या बैठकीची उंची मोजा.