बारमाही वाट म्हणे! आधी बांध बघा, मग डोंगर



आज पिकावर नाही, वाटेवर लिहितोय. पण ही वाट शेवटी पिकातूनच जाते, म्हणून वाचा.

परवा पुतण्याने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. 'बाराही महिने आनंद देणारा ट्रेक.' फोटो आमच्याच डोंगराचा, अकोले तालुक्यातल्या कळसूबाई-रतनगड पट्ट्यातला. पुढे हिरवागार बांध आणि त्यावरून एका ओळीत चाललेली पंधरा-वीस माणसं, रंगीत रेनकोट घालून. पुतण्या म्हणला, "नाना, आपलं खाचर आलंय बघा फोटोत."

आलंय खरं. तो बांध माझाच. गेल्या जुलैत त्यालाच खांड पडलं होतं.

आवणी होऊन नववा दिवस होता. रोपांनी नुकतं मूळ धरलेलं. रात्रभर पाऊस, आणि सकाळी तीन गाड्या भरून मंडळी उतरली. भाताचा बांध म्हणजे चिखल थापून बसवलेला मातीचा काठ. आम्ही त्यावरून अनवाणी, बोटं रोवून चालतो. बुटाची टाच बसली की कड सुटते. पहिला घसरला, दुसऱ्याने कडेला पाय टाकला, विसाव्यापर्यंत बांधाचा खोबणा झाला. पाण्याला तेवढंच पाहिजे असतं. दुपारपर्यंत दीड हाताचं खांड. वरच्या खाचरातलं पाणी आणि गाळ खालच्या खाचरात. खालची रोपं गाळाखाली गपगार.

मी चारसूत्रीने भात लावतो. १५-२५ सेंटिमीटरचं अंतर, चार चुडांच्या मधे २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट, खोल दाबून. म्हणून खत बरंचसं जाग्यावर राहिलं. फेकून दिलं असतं तर तेही ओढ्याला गेलं असतं. पण पाणी गेलं की तण उठतं, ते उठलंच. आणि रोप पुन्हा आणायचं कुठून? राबातलं संपलेलं. शेजाऱ्याने चार जुड्या दिल्या, तेवढ्यावर भागवलं.

ग्रुप घेऊन आलेला पोरगा म्हणला, "सॉरी काका," आणि पाचशे रुपये पुढे केले. मी घेतले नाहीत. घरी मंडळींनी मलाच झापलं, "घ्यायचे होते. एका बाईचा रोज तरी सुटला असता." तिचं बरोबर होतं. पण मला वाटलं, पाचशे घेतले की बांध तुडवायचा दर ठरला.

आता मुद्द्याचं. मी डोंगर चालणाऱ्यांच्या विरोधात नाही. मी स्वतः लहानपणापासून चालतोय. माझं भांडण 'बारमाही' या शब्दाशी आहे. आपल्यात बारमाही विहीर असते, बारमाही बागायत असते. त्यालाही पाणी राखावं लागतं, पाळी लावावी लागते. नुसतं म्हणून काही बारमाही होत नाही. डोंगर बाराही महिने चालता येतो, पण एकाच वाटेने नाही. आमचे म्हातारे पावसाळ्यात खाचरातली जवळची वाट सोडून कातळावरची लांबची वाट धरायचे. त्यांना जाहिरात करायची नव्हती, भात खायचा होता.

हंगामाप्रमाणे सांगतो.

जुलै ते ऑगस्ट मध्यापर्यंत खाचरातून वाट नाही. पाऊस बघायचाय? डांबरी सडकेने चाला, रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ बघा, पाणी बघा. डोंगर रस्त्यावरूनही दिसतो. आणि सांदण दरीत पावसात उतरू नका. ती वाट नाही, पाण्याचं गटार आहे. वर ढग फुटला तर खाली माणसाला वर यायला सवड मिळत नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबरात पठारावर सोनकी आणि तेरडा फुलतो. सगळ्यात देखणा काळ. पण तेव्हाच आमचा भात निसवतो, दाणा भरतो. वाटेने चाला, फोटोसाठी पिकात शिरू नका. नवरात्रात कळसूबाईला यात्रा भरते, माणसांची रीघ लागते. ती माणसं पिकात शिरत नाहीत, कारण निम्म्यांच्या घरी भातच असतो.

दिवाळीनंतर भात निघाला की खाचर मोकळं. तेव्हा खुशाल मधून चाला. फक्त कुणी ओलीवर हरभरा, मसूर टाकला असेल तर तेवढं वळसा घालून जा. थंडीत १६४६ मीटरवर, महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच जागी उभं राहून सूर्य उगवताना बघा. शिड्या कोरड्या असतात, हवा स्वच्छ असते.

उन्हाळ्यात सांदण कोरडी पडते, सावलीही देते. भीती वणव्याची. गवत वाळून कागद झालेलं असतं. इथे एक खरं बोलतो. वणवा फक्त पाहुण्याच्या बिडीने लागत नाही. आपण राब भाजतो त्याची ठिणगीही डोंगरावर जाते. राबाभोवती जाळरेषा न काढता काडी लावणारे आपल्यातही आहेत. त्यांनी ट्रेकरला शिव्या देऊ नयेत.

मे अखेरीला काजवे. झाडच्या झाड लुकलुकतं. पण गाडीचे दिवे आणि मोबाईलचा फ्लॅश पडला की ते गप होतात. जोडीदार शोधायला चमकतात ते, आपल्या करमणुकीला नाही.

आता कृषीवाल्या साहेबांना एक प्रश्न. तुम्ही आम्हाला शिकवलंत, नांगरट उताराला आडवी करा. सलग समतल चर काढा. चालणाऱ्या पाण्याला थांबायला लावा. आम्ही ऐकलं. मग डोंगरावरची पायवाट उताराला सरळ का? हजार पायांनी गवत मेलं, माती दबली, पाणी मुरायचं बंद झालं. पाणी त्याच वाटेने पळतं. दोन पावसाळ्यात वाटेचा ओघळ होतो. मग लोक ओघळाच्या बाजूने चालतात, दुसरा ओघळ होतो. ती माती येते कुठे? आमच्याच खाचरात आणि ओढ्यात. शेताला जो नियम तोच वाटेला हवा. वाट आडवी, नागमोडी काढा. वीस-पंचवीस पावलांवर तिरका दगड बसवून पाणी बाजूला काढा. वळणं तोडून सरळ उतरणाऱ्याला अडवा. सिमेंटच्या पायऱ्या करून हे होत नाही, पाणी पायऱ्यांवरून जास्तच जोरात येतं.

काहीजण म्हणतील, "नाना, ट्रेकर आले म्हणून पोरांना काम मिळालं." मान्य. माझा पुतण्याच वाट दाखवायला जातो. घरात पिठलं-भाकरी करून चार पैसे येतात. नाहीतर भात निघाल्यावर पोरं मजुरीला खाली जायची. म्हणूनच सरसकट बंदीही मला पटत नाही. कुठेतरी दुर्घटना झाली की सगळा डोंगर बंद, आणि गवगवा थांबला की पुन्हा सगळा मोकळा. हा काही कारभार नाही.

आणि दोष आपलाही. फोटोतला बांध माझा, पण त्या दिवशी त्यावरून नेणारा वाटाड्या आपल्याच गावचा होता. लांबच्या वाटेला अर्धा तास जास्त लागतो, म्हणून जवळून काढलं. पाहुण्याला भात कळत नाही. आपल्याला कळतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ग्रामसभेत दर हंगामाची वाट ठरवा आणि पाटी लावा. वाटाड्याने तीच वाट घ्यायची. नाही घेतली तर त्या हंगामात त्याला काम नाही, माझा पुतण्या असला तरी. माणशी काही पैसे वाटेच्या दुरुस्तीला बाजूला काढा आणि ते काम भात काढल्यावर गावच्याच हातांना द्या. आणि वाटेलाही पड द्या. जमीन पड टाकली की सुधारते, डोंगरही सुधारेल.

पुतण्याला सांगितलंय, यंदा आवणीपासून माझा बांध बंद. तो म्हणला, "नाना, ग्रुप नाराज होतील." होऊ देत. दिवाळीनंतर या म्हणावं. खाचर मोकळं असेल, नव्या तांदळाचा भात वाढतो, पैसे घेत नाही.

ज्यांना पटलं नसेल त्यांनीही या. बांधावर बसून भांडू.